कारण सापडले नाही

फुटलेल्या वस्तूचा घरात लगेच निकाल लागतो. बंद पडलेल्या वस्तूचा लागत नाही. माठ फुटला की त्याच्या खापऱ्या तुळशीच्या बुडाशी जातात, चादर फाटली की तिची पायपुसणी होतात. पण बंद पडलेले घड्याळ, बंद पडलेला रेडिओ, बंद पडलेला पंखा यांचे काय करायचे? त्यांच्याकडे पाहिले की वाटते, मोडलेले तर काहीच दिसत नाही, एखादी तार हलली असेल, एखादा स्क्रू ढिला झाला असेल, सवडीने बघू. ‘सवडीने बघू’ या दोन शब्दांच्या आधारावर अशा वस्तू दहा-दहा वर्षे घरात सुखाने नांदतात. तुमच्याही घरी एखादी असेलच. आमच्या घरातली अशी वस्तू म्हणजे आबांचा कॉम्प्युटर.

आबा म्हणजे माझे वडील. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षे मेंटेनन्स फिटरचे काम केले. मूळचे आम्ही चाकणच्या बाजूचे, कांद्याच्या शेतातले. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्या काही वर्षांत या भागातल्या माळांवर पत्र्याच्या शेड्स उभ्या राहिल्या. आसपासच्या तालुक्यांतली पोरे सायकलला डबा अडकवून त्या शेड्समध्ये शिरली. १९७० साली त्यांत आबाही शिरले. २००३ साली कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते बाहेर पडले. हातात आलेल्या पैशांतून त्यांनी पहिली खरेदी कसली केली असेल? कॉम्प्युटरची.

पुण्याहून तो रिक्षाने आणला. पंधरा इंची, पाठीला पोक असलेला तो जड मॉनिटर आबांनी चिंचवडपर्यंत मांडीवर धरला होता. लग्नानंतर आईला माहेराहून आणतानासुद्धा त्यांनी इतकी काळजी घेतली नसेल, असे आई म्हणायची. नंतर त्यांनी एमएस-सीआयटीच्या वर्गात नाव घातले. हा अभ्यासक्रम २००२ पासून महाराष्ट्रात गावोगावी सुरू झाला होता आणि ज्याला त्याला तो करायचा असे. कॉलेजातल्या मुलामुलींच्या रांगेत, चष्मा कपाळावर चढवून, आबा एका बोटाने अक्षरे शोधत बसत. परीक्षेत पास झाले. ते प्रमाणपत्र अजून आमच्या भिंतीवर मोरया गोसावींच्या तसबिरीशेजारी आहे.

त्या कॉम्प्युटरवर दोघे लिहिणारे होते. संध्याकाळी मी माझी पहिली कादंबरी लिहीत असे आणि दुपारी आबा काहीतरी लिहीत असत. माझी कादंबरी छापून आली, तिची चार माणसांनी स्तुती केली, मी स्वतःला लेखक समजू लागलो. आबांनी दोन-तीनदा विचारले, “माझंही झालंय थोडं. वाचतोस का?” मी म्हणालो, “वाचतो की आबा. सवडीने.”

वाचक हो, त्या सवडीला वीस वर्षे लागली.

मधल्या काळात कॉम्प्युटर म्हातारा झाला. घरात मोबाइल आले, मुलीला लॅपटॉप आला, आणि एके दिवशी आबांच्या यंत्राचे बटण दाबले तर काहीच झाले नाही. पुन्हा दाबले, काहीच नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “काका, इतकं जुनं कोण दुरुस्त करतं? भंगारात द्या.” भंगारात काही दिले नाही; त्यावर एक टेबलक्लॉथ घातला, टेबलक्लॉथवर फुलदाणी ठेवली, आणि सवडीने बघू म्हटले.

आबांच्या लिखाणाची एक प्रत सीडीवर होती. ती मी एकदा लॅपटॉपवर उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टोपीवाली अक्षरे, आकडे आणि कंस यांची खिचडी! ही कथा मराठीत लिहिणाऱ्या पुष्कळांच्या नशिबी आलेली आहे. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच क्रमांकपद्धती असावी म्हणून युनिकोड निघाला, आणि १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. आमच्या पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकनेही भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. पण घरोघरी आणि छापखान्यांत मात्र पुढे कितीतरी वर्षे ज्याचा त्याचा निराळा फॉन्ट होता. कॉम्प्युटर आतल्या आत इंग्रजी अक्षरच साठवी आणि फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवी. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडे. असे जुने लिखाण युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आहेत. पण आबांचा फॉन्ट कुठल्या आडगावचा होता कोण जाणे, एकही परिवर्तक त्याला लागू पडला नाही. तेव्हा आबांनी काय लिहिले, हे वाचता येईल असे जगात एकच यंत्र होते, आणि ते टेबलक्लॉथखाली बंद पडलेले होते.

गेल्या वर्षी दसऱ्याची साफसफाई निघाली तेव्हा सौभाग्यवतींनी निर्वाणीचे सांगितले. “अहो, कुदळवाडीचा भंगारवाला शनिवारनंतर येणार आहे. ते धूड त्याला द्या, नाहीतर मी देते.”

आबा खिडकीपाशी बसले होते. वय शहात्तर. मोतीबिंदू काढलेले, हातांना कंप. अलीकडे सकाळी काय जेवलो हे विसरतात. पण १९८४ साली कोणत्या लेथचे कोणते बेअरिंग बदलले हे सांगतात. ते म्हणाले, “शनिवारी दसरा आहे. मशिनची पूजा करायचीय मला.”

“करा की. हार आणते,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“बंद मशिनची पूजा करत नसतात, सूनबाई. चालू करून करतात.”

हे पिंपरी-चिंचवडच्या बाहेरच्या वाचकाला कदाचित समजायचे नाही. आमच्याकडे दसऱ्याला सोने लुटतात ते नंतर. आधी कारखान्यातली यंत्रे पुसून, तेल देऊन, त्यांना झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. प्रेसला हार, कंप्रेसरला हार, पान्यांच्या पेटीला हळदकुंकू. आणि मेंटेनन्सवाल्याची अब्रू अशी की, त्या दिवशी शेडमधले एकही यंत्र बंद असता कामा नये. आबांच्या घरात एक यंत्र सात वर्षे बंद होते. त्यांनी ते कधी बोलून दाखवले नव्हते, एवढेच.

तो १० ऑक्टोबर २०२४ चा गुरुवार होता. आमच्या भागातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून आबांच्या डोक्यात इतर वार सरकतात, पण गुरुवार सरकत नाही. आदल्या रात्री रतन टाटा गेले होते. दिवसभर टीव्हीवर तेच चालले होते, आणि पिंपरीत टाटांच्या कारखान्यावर ज्यांची घरे उभी राहिली अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांतही वातावरण सुतकी होते. मी शाळेतून घरी आलो तेव्हा आबांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, “चल. उघडू या.”

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. मी लहान मुलांना अक्षरे शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. यापैकी कशानेही कॉम्प्युटर उघडण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. मी म्हटले, “आबा, दुकानदार म्हणतो, याचे पार्टच मिळत नाहीत.”

“त्यानं मशिन बघितलंय?”

“नाही. फोनवर सांगितलं.”

“आणि आपण?”

मी गप्प बसलो.

“मग कुणीच बघितलेलं नाही. कुणीच न बघता निकाल दिलाय. चल, भिंतीपासून सुरुवात कर.”

भिंतीपासून म्हणजे शब्दशः भिंतीपासून. मी तर पेचकस घेऊन यंत्राच्या छातीवर बसायच्या तयारीत होतो. आबांनी मला टेबललॅम्प आणायला लावला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावला, पेटला. भिंतीतून वायर यूपीएसच्या पेटीत जात होती आणि तिथून कॉम्प्युटरला. यूपीएसच्या मागे लॅम्प लावला, पेटला नाही. त्या पेटीतली बॅटरी केव्हाच संपून गेली होती आणि पेटी वीज पुढे जाऊच देत नव्हती. मी यूपीएस बाजूला करून कॉम्प्युटरची वायर सरळ भिंतीत घातली, बटण दाबले, आणि हिरवा दिवा लागला! आत पंखा घरघरू लागला.

सात वर्षे आम्ही ज्याला मेलेले समजत होतो त्याला नुसता कोणी घास भरवत नव्हते.

पण पडदा काळाच राहिला. आणि पेटीतून एक लांब शिट्टी आली. थांबली. पुन्हा लांब शिट्टी. पुन्हा. माझा चेहरा उतरला, आबांचा उजळला.

“बोलतंय की रे!” ते म्हणाले. “आवाज करणाऱ्या मशिनला भ्यायचं नाही. जे काहीच सांगत नाही, त्याला भ्यायचं.”

आबा कारखान्यात यंत्राचा आवाज कसा ऐकत, ते मी लहानपणी एका दसऱ्याला पाहिले होते. लांब पेचकसाचे टोक यंत्राच्या अंगाला टेकवायचे आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टरच्या नळीसारखे आतले सगळे ऐकू येते. आता चाकणला तशी गरज उरलेली नाही. २००९ साली तिथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आगेमागे आणखी कितीतरी मोटारी तिथे बनू लागल्या. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा चाकणलाच मेंटेनन्समध्ये आहे. तो सांगतो, यंत्र अडले की स्वतःच पडद्यावर आपल्या दुखण्याचा क्रमांक दाखवते. आबांना हे ऐकून नवल वाटले नाही. ते म्हणाले, “आमचंही सांगायचं. ऐकावं लागायचं, एवढंच.”

आमच्या पेटीची शिट्टी हाही असाच एक क्रमांक होता. मुलीने मोबाइलवर शोधून सांगितले की, अशी थांबून थांबून येणारी लांब शिट्टी बहुधा स्मृतीच्या पट्टीबद्दलची असते. ज्याला रॅम म्हणतात ती ही पट्टी.

मला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कळले की, बटण दाबल्यानंतर कॉम्प्युटर लगेच आपल्या कामाला लागत नाही. वीज येते तेव्हा त्याला काहीही ठाऊक नसते. आपण कोण, आपल्याजवळ काय काय आहे, काहीच नाही. एका लहानशा चिपमध्ये थोड्या सूचना कायमच्या कोरलेल्या असतात, तेवढ्याच त्याच्या गाठीला. त्या वाचून तो आधी स्वतःला चाचपून बघतो : स्मृती जागेवर आहे का, पडदा आहे का, कळपाट आहे का. सगळे जागेवर असले तर एक आखूड शिट्टी देतो आणि मग मोठ्या तबकडीवरचे आपले बाकीचे ज्ञान वर ओढून घेतो. इंग्रजीत याला ‘बूट’ होणे म्हणतात. पायातल्या बुटाच्या मागे जो बंद असतो, तोच धरून माणसाने स्वतःला वर उचलावे, या अशक्य कल्पनेवरून तो शब्द आला. आमच्या यंत्राची चाचपणी पहिल्याच पायरीवर अडली होती. आपली स्मृती कुठे आहे, हे त्याला सापडत नव्हते. मी आबांकडे पाहिले नाही.

वायर काढली. आबांनी सांगितल्याप्रमाणे वीज नसतानाही बटण एकदा दाबून ठेवले, म्हणजे आत काही उरले असेल तर निघून जावे. मग बाजूचा पत्रा उघडला. काय सांगू! पंख्यावर धुळीचे अस्तर, कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफले, आणि एक झुरळ, जे बहुधा मूळ रहिवासी होते. रंगाच्या कोऱ्या ब्रशने मी धूळ काढली. मुलगी मोबाइलचा उजेड धरून उभी होती. आबा खुर्ची पुढे ओढून वाकून पाहत होते. त्यांनी थरथरत्या बोटाने हिरव्या फळीवरच्या लहान लहान नळकांड्यांकडे दाखवले. “या तिघांची टाळू फुगलीय बघ. बाकीच्यांची सपाट आहे.”

ते कपॅसिटर. त्या सुमाराच्या, म्हणजे २००० च्या आगेमागे बनलेल्या पुष्कळ फळ्यांवरचे कपॅसिटर असेच फुगून जगभर कॉम्प्युटर बंद पडले, हे मला मागाहून समजले. आतला द्रव बिघडतो, वायू धरतो, आणि डोक्यावरचा पत्रा वर येतो.

“म्हणजे गेलं का?” मी विचारले.

“फुगलेत. फुटले नाहीत. चालेल तेवढं चालेल. आत्ता शिट्टी कशाची आहे? पट्टीची. मग पट्टीच बघ. एका वेळी एकच.”

दोन्ही टोकांचे पांढरे चिमटे बाजूला केले आणि स्मृतीची पट्टी अलगद वर आली. बोटभर रुंदीची हिरवी पट्टी, खालच्या काठाला सोनेरी दात. ते दात काळवंडले होते. आबा म्हणाले, “तांब्याचं काय, सोन्याचं काय, संपर्क म्हणजे संपर्क. घासून काढ. पॉलिश पेपर नको, खरवडेल. मऊ काहीतरी बघ.”

शाळामास्तराच्या खिशात मऊ काय असणार? खोडरबर! पहिलीच्या पोरांच्या वह्यांवरून फिरणारे ते पांढरे खोडरबर मी काढले आणि त्या सोनेरी दातांवरून हलक्या हाताने फिरवू लागलो. आयुष्यभर मी खोडरबराने लिहिलेले पुसत आलो. त्याने कोणाची आठवण परत आणता येते, हे मला कोणी शिकवले नव्हते. पट्टी पुन्हा खाचेत बसवली, चिमटे ‘टक्’ करून मिटले. वायर लावली. बटण दाबले.

एक आखूड शिट्टी. आणि पडद्यावर पांढरी अक्षरे!

मुलीने टाळ्या वाजवल्या. पण अक्षरे पुढे सरकेनात. यंत्र म्हणत होते की, माझ्या नोंदी गेल्या आहेत, मूळच्या ठेवणीवर मी चाललो आहे, आणि आजची तारीख १ जानेवारी २००२. आबांनी ती तारीख वाचली आणि स्वतःशीच हसले. “माझ्यासारखंच की.” मग म्हणाले, “घड्याळाचा सेल असेल आत.” होता. नाण्याएवढा, चपटा, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असतानाही याच्याच जोरावर तो तारीख-वेळ लक्षात ठेवतो. मुलगी धावत जाऊन घड्याळवाल्याकडून तसाच सेल घेऊन आली. वायर पुन्हा काढून जुना सेल सोडवला, नवा बसवला. आज गुरुवार, १० ऑक्टोबर २०२४, असे यंत्राला मी लिहून दिले. आबांनी वार तपासून घेतला.

तरीही पुढे आणखी एक अडचण आली. यंत्र म्हणाले, ही तबकडी चालू करण्याजोगी नाही. माझा धीर सुटला. तबकडी गेली म्हणजे आबांचे लिखाण गेले. आबा मात्र शांतपणे म्हणाले, “कोणती तबकडी म्हणतंय?”

खरेच की! कोणती? पेटीच्या पुढच्या अंगाला फ्लॉपीची फट होती आणि तिच्यात एक फ्लॉपी तशीच राहून गेली होती. नोंदी पुसल्या गेल्यामुळे यंत्र मूळच्या ठेवणीप्रमाणे आधी फ्लॉपीत डोकावत होते. फ्लॉपी काढली, कळ दाबली. तबकडी आतल्या आत कुरकुरली, आणि विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आणि निळे आभाळ आमच्या खोलीत उगवले.

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हाताखालचा माउस स्वतःकडे ओढला. थरथरत्या हाताने त्यांनी बाण एका फाइलवर नेला; दोनदा दाबणे त्यांना जमेना, ते मी केले. फाइलचे नाव होते ‘ब्रेकडाऊन’.

मी कादंबरीकार आहे. मला वाटले होते आत्मचरित्र असेल. पाहतो तो नुसता तक्ता! तारीख, मशिन, तक्रार, कारण, उपाय, वेळ. कारखान्यात बिघाडाची वही असते, तिचे हे रकाने. खिशातल्या डायऱ्यांवरून आबांनी तेहतीस वर्षांतले आपले बिघाड एकेचाळीस पानांत नोंदवून ठेवले होते. आणि सगळी अक्षरे मराठी, स्वच्छ, काना-मात्रेसकट जागेवर.

मी मोठ्याने वाचू लागलो.

‘कंप्रेसर. तक्रार : सुरू होत नाही. कारण : उंदराने वायर कुरतडली. उपाय : वायर बदलली. उंदीर सापडला, सोडून दिला.’

‘शेपर. तक्रार : आवाज. कारण : एक बोल्ट ढिला. वेळ : शोधायला दोन दिवस, दुरुस्तीला पाच मिनिटे.’

‘प्रेस. तक्रार : मध्येच थांबतो. कारण : सापडले नाही. उपाय : आपोआप सुरू झाला.’

“आबा, हे ‘कारण सापडले नाही’ फार ठिकाणी आहे.”

“असणारच. साहेब म्हणायचे, काहीतरी लिहा, रकाना मोकळा दिसतो. पण खोटं कारण लिहिलं की पुढच्या खेपेला माणूस त्याच खोट्याच्या मागं लागतो. सापडलं नाही तर तसं लिहावं.”

मी पुढे वाचत गेलो. एकोणिसाव्या पानावर थांबलो. मुलीने विचारले, “बाबा, पुढं?”

‘जून १९९६. मशिन : घर. तक्रार : थोरला दहावी पास होऊनही पुढे शिकायचे नाही म्हणतो. कारण : सापडले नाही. उपाय : रागावलो. उपयोग झाला नाही. उघडून पाहिले नाही.’

वेळेचा रकाना मोकळा होता.

खोलीत फक्त पंख्याची घरघर होती. त्या जूनमधला आबांचा राग मला आठवत होता. शिकायला नको म्हणतो, तर मग कर काय करायचे ते, असे म्हणून ते दोन महिने माझ्याशी बोलले नव्हते. लोक म्हणाले, पोराला लिहिण्याचे वेड लागले आहे. मीही पुढे मुलाखतींतून तसेच सांगत आलो. ते कारण ऐकायला बरे होते.

“सापडलं का तुला कधी?” आबांनी पडद्याकडे पाहतच विचारले.

मी कळपाट पुढे ओढला. जुन्या फॉन्टची अक्षरे बोटांना अजून ठाऊक होती. ‘कारण’च्या पुढचे शब्द मी पुसले नाहीत, त्यांच्या खाली लिहिले : ‘त्या वर्षी कारखान्यात टाळेबंदी होती. मे महिन्यात एका रात्री आई-आबांचे बोलणे ऐकले. कॉलेजच्या फीसाठी आईच्या बांगड्या मोडायचे ठरत होते.’

आबांनी ते वाचायला वेळ घेतला. मग पुन्हा वाचले.

“आरं, त्या ऑगस्टात मोडल्याच की,” ते हळूच म्हणाले. “किराण्याला.”

आई आज नाही. असती तर तिने काय म्हटले असते, याचा मी विचार करीत होतो. आबांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. मी विचारले, “उपायाच्या रकान्यात काय लिहू?”

“काही नको. चालू आहे ना? मग झालं. वेळ तेवढी लिही.”

“किती लिहू?”

त्यांनी बोटांवर मोजले. १९९६ पासून २०२४ पर्यंत.

“शोधायला अठ्ठावीस वर्षं,” ते म्हणाले. “दुरुस्तीला पाच मिनिटं.”

शनिवारी दसऱ्याला चालू यंत्राची पूजा झाली. पोक काढलेल्या त्या मॉनिटरला झेंडूचा हार शोभून दिसला, हे सौभाग्यवतींनीही कबूल केले. भंगारवाला आला तेव्हा त्याला यूपीएसची पेटी आणि फुलदाणी दिली. कुदळवाडीतली ती भंगाराची गोदामे महापालिकेने २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली. तेव्हापासून तो माणूसही आमच्याकडे फिरकला नाही.

ते तीन कपॅसिटर फुगलेलेच आहेत. ते बदलून देणारा कोणी भेटेलही. पण तोवर थांबायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. रोज रात्री जेवणानंतर यंत्र चालू करतो. आबा पडद्यावरचे वाचतात, मी ते लॅपटॉपवर युनिकोडमध्ये उतरवतो, आणि कुठला बोल्ट, कुठला पट्टा हे न कळले की त्यांना विचारतो. एखाद्या नोंदीवर ते तासभर बोलतात, म्हणून काम पुढे सरकत नाही. एकेचाळीसपैकी एकतीस पाने झाली आहेत. कधी वाटते, उद्या बटण दाबल्यावर शिट्टी आली नाही तर? मी घाईने टंकू लागतो. आबांच्या ते लगेच लक्षात येते.

“घाई करू नको,” ते म्हणतात. “पण खाडाही करू नको.”